रद्द या शब्दाचं काय करायचं

फुकट हा शब्द टायपिंगच्या बाईंसमोर काढायची सोय नव्हती. गावात कुणी तरी कुणाला सांगायचं, "बाईंकडं जा, फुकटात कॉम्प्युटरात सिस्टीम भरून देत्यात," आणि तो बिचारा क्लासच्या दारात जाऊन तेच बोलायचा. बाई चष्म्यावरून बघायच्या. "फुकट काय असतं? वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या फुकट असतात. हे मोकळं आहे." मग फरक समजावून द्यायच्या. फुकट म्हणजे दुसऱ्यानं दिलं आणि तू घेतलंस, संपलं. मोकळं म्हणजे तुला ते उघडून बघता येतं, त्यातलं चुकलेलं नीट करता येतं, शेजाऱ्याला देता येतं आणि कुणाची परवानगी काढावी लागत नाही. माणूस मान डोलवायचा, कॉम्प्युटर भरून घ्यायचा आणि जाताना माझ्या दुकानात डोकावून सांगायचा, "बाई काय म्हनल्या ते कळलं न्हाई, पर चालू झाला."

माझं दुकान त्यांच्या क्लाससमोर. काष्टीत बाजारतळाकडं जाणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला रूथ साळवे बाईंचा टायपिंग क्लास आणि उजव्या हाताला मी, दत्ता, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. बाई गेल्या त्याला तीन वर्षं होतील. त्यांच्यावर दोन शब्द लिही म्हणून लोक तेव्हापासून मागं लागलेत. मला लिहायची सवय नाही आणि बाईंबद्दल नुसतं चांगलं लिहायचं म्हटलं तर ते खोटं होईल, म्हणून टाळत होतो.

खरं सांगायचं तर बाई माझ्या धंद्याच्या मुळावरच आल्या होत्या. त्या काळात मी काय करायचो, तर कंपनीची महागातली सिस्टीम एका सीडीवर उतरवून ठेवलेली, तीच सगळ्यांना भरून द्यायचो. चोरीचा माल, पण तालुक्यात कोण करत नव्हतं? त्यात व्हायरस शिरायचे, माणूस परत यायचा, मी साफ करून द्यायचो, तो परत यायचा. बरं चाललं होतं. बाईंनी लिनक्स ही मोकळी सिस्टीम भरून द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडं गेलेला माणूस माझ्याकडं परत येईना. एके दिवशी त्या स्वतःच रस्ता ओलांडून दुकानात आल्या. म्हणाल्या, "दत्ता, तू ही सिस्टीम देतोस, त्याचं बिल देतोस का?"

"नाही, बाई. त्याचं बिल कसं देणार?"

"मग ज्याचं बिल देता येत नाही, ते विकायचं कशाला?" एवढं बोलून गेल्या. मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो. आठवड्यानं माझ्याच मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो गेले. तेव्हा मुकाट्यानं समोर गेलो. बाईंनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बस. आधी वाच, मग दाब."

'आधी वाच, मग दाब' हा त्यांचा नेम होता. बाईंचं निम्मं आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं. सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या तेव्हा त्यांनी शाळांनी आणि कचेऱ्यांनी टाकून दिलेली म्हातारी यंत्रं गोळा केली, त्यांच्यात हलकं लिनक्स भरलं आणि टाइपरायटरच्या शेजारी मांडली. टाइपरायटर मात्र विकले नाहीत, त्यांच्यावर शिवलेली निळी झाकणं घालून ठेवली. कॉम्प्युटरवर कुठलाही चौकोन आला की तो मोठ्यानं वाचायचा आणि मगच बटण दाबायचं. न वाचता दाबलं तर बोटांवर फूटपट्टी बसायची, मग तो ग्रामसेवक असो नाही तर दूध डेअरीचा सेक्रेटरी. त्यामुळं क्लासवरून जाताना बालवाडीवरून गेल्यासारखं वाटायचं. आत बाप्ये माणसं सुरात म्हणत असायची, "आपण केलेले बदल जतन करायचे का?"

दुसरा नेम वाटीचा. शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं तर वाटी रिकामी परत द्यायची नाही, निदान साखर तरी घालायची, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. बाईंनी तोच कायदा कॉम्प्युटरला लावला. त्यांच्याकडून सिस्टीम नेली की महिन्याभरात परत यायचं आणि तिच्यातली एक तरी खोड सांगायची. सांगितली नाही तर पुढच्या वेळी बाई तोंडावर म्हणायच्या, "वाटी रिकामी आणलीस." खोडी लिहायला लाल पुठ्ठ्याची वही होती. तीत तक्रार आणि समोर सांगणाऱ्याचं नाव. बियाण्याच्या दुकानवाल्यानं एकदा सांगितलं, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरला तुरा समजतोय, पर तुऱ्याची ज्वारी समजत न्हाई." 'तुऱ्या'तला अर्धा र कॉम्प्युटरच्या अक्षरांत मोडका उमटायचा. बाईंनी वहीत उतरवलं, इंग्रजीत पत्र तयार करून ज्यांनी ती अक्षरं घडवली त्यांना पाठवलं आणि पाठच सोडली नाही. कित्येक महिन्यांनी अक्षर नीट झालं, तेव्हा पेढे घेऊन त्या दुकानात गेल्या. दुकानदार तोवर विसरूनही गेला होता. बाई म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून आता जगात कुठंही तुऱ्याची ज्वारी नीट लिहिता येते." त्यानं घाबरून एकच पेढा घेतला.

रविवारी सकाळी चर्च, दुपारनंतर मराठीकरण. म्हणजे ही मोकळी सॉफ्टवेअरं मुळात इंग्रजीत असतात. देशभरातली हौशी माणसं इंटरनेटवर वाटून घेऊन त्यांतला शब्द न् शब्द आपल्या भाषेत आणतात, बिनपगारी. मराठीच्या गटात बाई फार जुन्या. लिहायच्या प्रोग्रामात मदतीच्या पानावर खूप खाली मराठी करणाऱ्यांची नावं होती आणि त्यात रूथ साळवे हे नाव होतं. ते त्यांनी मला एकदाच दाखवलं आणि लगेच पान मिटलं. मी चिडवायचो, "बाई, वर्गणीच्या पावतीवर नाव असतं तसं आहे हे." त्या म्हणायच्या, "असू दे. तुझं कुठंच नाही."

नाना दरेकर आले ते याच नावामुळं. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की कॉम्प्युटरला मराठी शिकवलेल्या बाई इथं असतात. नाना सत्तरीच्या पुढचे, घोडनदीच्या अंगाला वस्तीवर राहणारे शेतकरी. जुनी सातवी शिकलेले. बाईंना म्हणाले, "मला शेतांची नावं लिवायचीत."

आमच्याकडं शेताला नाव असतं. वाकडं, चिंचेचं, बामनाचा तुकडा, सासूचं वावर, लांडग्याची लवण. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. शेतं वाटली गेली, विकली गेली, बांध मोडून सपाट झाली आणि नव्या पोरांच्या तोंडी नंबर आले. नानांच्या नातवानं एकदा विचारलं, "दोनशे चौदात पानी सोडू का?" नानांना कळेचना कुठल्या शेतात. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की शिवारातल्या एकूण एक शेताचं नाव लिहून काढायचं, ते कसं पडलं तेही. मग म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन बसायचं, चिठ्ठीवर नावं टिपायची आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या क्लासात येऊन दोन बोटांनी टाइप करायची. आठ महिने हे चाललं. टाइप झालेली चिठ्ठी ते बंबात घालायचे. म्हणायचे, "आता कागुद कशाला? कॉम्प्युटरात हाय की." बाईंना नानांचं फार कौतुक होतं. फूटपट्टी एकदाही न खाल्लेला असा तो एकमेव माणूस. प्रत्येक चौकोन नाना पोथी वाचल्यासारखा ठासून वाचायचे.

पहिला भाग संपला, त्या दिवशी नानांनी दुसरा भाग नव्या फायलीत सुरू केला. वर मथळा टाइप केला आणि जतन करताना सवयीनं जुनंच नाव दिलं. चौकोन आला. नानांनी तो नेमाप्रमाणं मोठ्यानं वाचला, मी तेव्हा क्लासातच एका मशीनचा पंखा बदलत होतो, मला आजही ऐकू येतं. "या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची का? बदला. रद्द करा." पलीकडून बाई सवयीनं म्हणाल्या, "छान." नाना थांबले, विचार केला आणि दाबलं.

त्यांनी 'बदला' दाबलं. आठ महिन्यांची शेतं गेली आणि त्या जागी एका ओळीचा मथळा राहिला. वर्मी लागणारी गोष्ट अशी की त्याच संध्याकाळी बाईंनी सगळ्या फायली नेमानं पेनड्राईव्हवर उतरवल्या, त्यामुळं तिथली जुनी प्रतही पुसली गेली. कळलं दोन दिवसांनी. मी ती डिस्क खोलून जेवढं येत होतं तेवढं करून पाहिलं. काही निघालं नाही.

बाईंनी विचारलं, "नाना, वाचलंत ना तुम्ही? मग बदला का दाबलंत?"

"मंग काय रद्द करा दाबू?" नाना म्हणाले. "आमचं रेशनकार्ड रद्द झाल्तं एकदा. सहा म्हैने हेलपाटे घातले कचेरीत. रद्द म्हनल्यावर समदंच गेलं असतं की, बाई."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या ध्यानात आलं ते माझ्याही ध्यानात आलं. आपण शिकलेली माणसं रद्द म्हणजे 'हे विचारतोयस ते नको' असं समजतो. नानांच्या जगात रद्द हा सरकारी शिक्का आहे. कार्ड रद्द, अर्ज रद्द, नाव रद्द. रद्द झालेलं सहजी परत मिळत नाही. त्यामुळं आपलं वाचवायला म्हणून त्यांनी दुसरं बटण दाबलं. बाईंनी लाल वही काढली, मागची पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. कितीतरी वर्षांपूर्वीच्या रविवारी लिहिलेल्या शब्दांच्या यादीत त्यांच्याच अक्षरात होतं, रद्द करा. "हा शब्द माझा आहे, दत्ता," त्या म्हणाल्या. "शब्दकोश बघून घातला मी. एकालाही विचारलं नाही."

मी म्हटलं, चूक कुणाची नाही. त्या म्हणाल्या, "गप." बरोबरच होतं त्यांचं.

नाना येईनासे झाले. नावं सांगणाऱ्यांतली तान्हाबाई त्याच महिन्यात वारली. नव्वदीची बाई, नदीकाठची शेतं तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. हे कळलं त्याच्या तिसऱ्या दिवशी बाईंनी मराठीच्या गटाला पत्र पाठवलं की 'रद्द करा' काढून दुसरा शब्द घाला. गटातल्या एका सज्जन माणसाचं उत्तर आलं. हा प्रमाण शब्द आहे, सगळ्या प्रोग्रामांत तोच आहे, लोकांना सवय झाली आहे, आणि आपल्याकडं याहून चांगला शब्द तरी कोणता? त्याचं काही चुकीचं नव्हतं. आणि बाईंकडं चांगला शब्द नव्हताच. 'नको', 'थांबा', 'मागे फिरा', वहीची दोन पानं त्यांनी लिहून-खोडून भरली.

मी म्हणालो, "बाई, गटाचं जाऊ द्या. आपल्या क्लासातल्या मशीनवर तुम्हाला हवा तो शब्द घाला. मोकळं आहे ना?"

"इथं बदललं की माझा राग जाईल," बाई म्हणाल्या. "राग राहिला पाहिजे. कर्जतला कुणी नाना बसला असेल, त्याचं काय?"

मग बाजारच्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला मी मनातून वेडेपणाच म्हणालो. बाजारतळावर कडेला एक टेबल मांडलं, त्यावर लॅपटॉप आणि पडद्यावर तोच चौकोन. येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून विचारायचं की तुम्ही कुठलं बटण दाबाल, आणि का. मी शेजारी उभा, शरमेनं मान खाली. लोकांना वाटलं बाई निवडणुकीचं काही तरी करतायत. एकानं सांगितलं मी आधीच मत दिलंय. पण हळूहळू माणसं थांबली, वाचायला लागली, ज्यांना येत नव्हतं त्यांना बाईंनी वाचून दाखवलं, आणि एकामागून एक माणूस रद्दपासून बोट लांब ठेवायला लागला.

बैलांचे कासरे आणि वेसणी विकणारी हिराबाई आपलं दुकान सोडून बघायला आली. बाईंनी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रद्द कशाला दाबू? आमचं रद्द व्हायचं काय ऱ्हायलंय का आता?"

"बरं, रद्द नको. पण समजा तुझ्याकडं एक पोतं भरून ठेवलंय आणि हा विचारतोय की ते ओतून दुसरं भरू का. तुला ओतायचं नाही. तर तू त्याला काय म्हणशील?"

"काय म्हननार? ऱ्हाऊ दे म्हनीन."

बाईंनी पेन काढलं आणि वहीत लिहिलं, 'राहू द्या. सांगणार, हिराबाई, कासरेवाल्या.' हिराबाईला म्हणाल्या, "तुझा शब्द मी घेतलाय." ती म्हणाली, "घ्या की, त्याला काय लागतंय." मला तेव्हा बाईंचा हेवा वाटला, हे कबूल करतो. इतकी वर्षं मी लोकांची यंत्रं उघडत होतो आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की यात काय लिहिलेलं तुम्हाला कळतं.

गटाशी भांडण बरेच महिने चाललं. बाई दर रविवारी पत्र पाठवायच्या, त्यात बाजारात कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. संगमनेरच्या एका प्राध्यापकानं त्यांची बाजू घेतली, दुसऱ्या कुणी 'राहू द्या' हे बोलीतलं आहे म्हणून नाक मुरडलं. बाईंनी उलट विचारलं, मग बटण कोण दाबतं, बोलणारा की व्याकरण? शेवटी तडजोड झाली. बाकी सगळीकडं रद्द राहील, पण जिथं जुनं पुसून नवं ठेवायचा प्रश्न आहे, तिथं 'राहू द्या'.

त्याच महिन्यांत चर्च सुटलं की त्या मला म्हणायच्या, गाडी काढ. आम्ही नानांच्या वस्तीवर जायचो. पहिल्या दिवशी बाईंनी अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं, "नाना, तुमची शेतं माझ्या शब्दानं गेली." नाना म्हणाले, "शब्दानं काय जातंय, बाई. बसा." आणि चहा सांगितला. पण परत टाइप करायचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. इचारायचं कुनाला आता, म्हणायचे. बाईंनी हट्ट केला नाही. त्या नुसत्या नानांबरोबर बांधाबांधानं चालायच्या, साडीचा ओचा वर धरून, हातात वही. चालताना एखादं शेत लागलं की नाना आपसूक त्याचं नाव घ्यायचे आणि बाई टिपायच्या. बरीचशी परत आली. तान्हाबाईची सात आली नाहीत. नाना म्हणाले, ती रिकामी ठेवा. बाई म्हणाल्या, "रिकामं ठेवलं तर उद्या वाचणाऱ्याला वाटेल नावच नव्हतं. 'नाव गेलं' असं लिहा." नानांना ते पटायला बरेच दिवस लागले, आणि पटलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, क्लास कवा उघडता?

बाईंना मी शेवटचं क्लासात पाहिलं ते असं. पुढं आठवड्याभरात त्या पुण्याला भाचीकडं दवाखान्यासाठी गेल्या आणि तिकडंच वारल्या. क्लासातल्या त्या दिवशी सकाळी मी सगळ्या यंत्रांवर मराठीच्या गटाकडून आलेली नवी आवृत्ती चढवली होती. बाई खिडकीपाशी बसून कुणाचा तरी अर्ज तपासत होत्या. नाना टाइप करत होते. पुन्हा नवा भाग, पुन्हा सवयीनं जुनंच नाव, आणि त्यांच्या पडद्यावर तो चौकोन आलेला मला दुकानाच्या दारातून नाही, अगदी शेजारून दिसला. बाईंनी मान वर केली. नानांनी या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनी बटण दाबलं, फायलीला दुसरं नाव दिलं आणि पुढं टाइप करायला लागले.

बाईंची फूटपट्टी टेबलावरच होती. त्यांनी ती उचलली नाही. "नाना," त्या म्हणाल्या, "आत्ता काय विचारलं?"

"कुनी?"

"कॉम्प्युटरनं."

"काय न्हाई," नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "जुनं काढू का म्हनला. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

बाईंनी मान खाली घातली आणि अर्ज पुढं वाचायला घेतला.